घरी ट्रॉली जॅक आणण्यापूर्वी

इंदूरच्या लोकमान्यनगरातील एका वाचक भगिनींचे पत्र गेले पंधरा दिवस आमच्या टेबलावर आहे. उत्तरास विलंब झाला खरा, परंतु प्रश्न वरवर साधा दिसला तरी त्यात एका घरातला वाद दडलेला आहे. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि त्यांना मोटारीचे वेड आहे. मोबाइलवरील चित्रफिती पाहून चाकांची अदलाबदल, ब्रेकची सफाई, इंजिनाचे तेल बदलणे ही कामे घरच्या अंगणातच करावीत असे त्यांच्या मनात आले असून, गॅरेजमध्ये असतो तसा चाकांवर सरकणारा जॅक त्यांना हवा आहे. वडिलांचा ठाम नकार आहे. कोपऱ्यावर पंक्चरवाला बसतो, तेवढा पुरे, असे त्यांचे म्हणणे. आईला दोघांचेही थोडे थोडे पटते. "कोणता घ्यावा हे त्याला कळेल," असे भगिनी लिहितात, "घेऊ द्यावा की नाही, एवढेच सांगा."

आमचे उत्तर असे की, घेऊ द्यावा. परंतु एकटा जॅक घेऊ देऊ नये. या 'परंतु'पायीच आज हे सदर नेहमीपेक्षा थोडे लांबणार आहे.

आम्हांला हा विषय पुस्तकातून कळलेला नाही. १९८६ साली आम्ही महाविद्यालयात होतो आणि सुट्टीत रामबागेतील मामांकडे राहत होतो. मामांची फियाट होती. एका रविवारी सकाळी मागचे उजवे चाक पंक्चर झालेले दिसले. गाडीबरोबर आलेला जॅक लावून मामांनी चाक काढले. अंगणाला फाटकाकडे किंचित उतार होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, हँडब्रेकची तार मात्र कित्येक महिने सैल पडलेली होती आणि ती घट्ट करून घेऊ असे मामा दर रविवारी म्हणत. काढलेले चाक आम्ही तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवले, तेव्हा मामींनी आतून हाक मारली, "अरे, तो चिखल माझ्या तुळशीला लावू नका!" मग मामेभावाने आणि आम्ही ते चाक उचलून आडवे केले आणि वाटेतून दूर व्हावे म्हणून गाडीच्या पोटाखाली सरकवले. त्यामागे दुसरा कोणताही विचार नव्हता.

एवढ्यात मामांना आठवले की, सायलेन्सरची पट्टी खडखडते आहे. गाडी उचललेलीच आहे तर जाता जाता पाहून घ्यावी. ते पाठीवर पडून खांद्यापर्यंत आत गेले. पट्टीला एक हिसका बसला, गाडी वीतभर पुढे सरली, जॅक कलंडला आणि तो सारा कोपरा खाली आला. तो आवाज आजही आमच्या कानांत आहे. गाडी त्या आडव्या चाकावर येऊन अडली. मामांच्या कपाळात आणि वरच्या पत्र्यात चार बोटांचे अंतर उरले होते. सायलेन्सरच्या कडेने भुवईवर खोक पडली आणि तीन टाके घालावे लागले. मामी पुढे कितीतरी दिवस तुळशीला दोनदा पाणी घालीत असत.

या प्रसंगात जॅक मोडला नव्हता. तो धड होता, त्याच्यावरचा भारही त्याच्या शक्तीच्या आत होता. चूक कुठे झाली हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी नीट उमगले आणि ते समजल्यावाचून कोणी जॅकला हात लावू नये असे आमचे मत झाले आहे.

फियाटच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी असे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याची ही योजना. ती आजही प्रत्येक मोटारीत आहे; पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ती पुढे असते, इतकेच. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे इंजिन त्या पेटीला रोखून धरते. दोन्ही चाके जमिनीवर असेपर्यंत हा बंदोबस्त पुरेसा असतो. पण त्यांतले एक हवेत गेले की, ते उलटे फिरायला मोकळे होते आणि तेवढ्याच मोकळेपणाने जमिनीवरचे दुसरे चाक सुलटे फिरते. गिअर जागच्या जागी असतो आणि गाडी चालू लागते. मामांची गाडी अशीच चालली. हँडब्रेक धड असता तर त्याने जमिनीवरचे चाक धरून ठेवले असते, आणि डाव्या चाकापुढे एखादा दगड असता तर हँडब्रेकचीही गरज पडली नसती.

आजच्या बहुतेक घरगुती मोटारींत ओढणारी चाके पुढची आणि हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. त्यामुळे पुढचा भाग उचलताना हँडब्रेकवर भिस्त ठेवता येते, गिअरवर नाही. मागचा सगळा भाग उचलला तर उलट होते. हँडब्रेकने धरलेली चाके हवेत जातात आणि गाडी पुढच्या मोकळ्या चाकांवर उभी राहते. तेथे गिअर, अथवा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत 'पार्क', हाच काय तो आधार. हे सर्व दर वेळी आठवत बसण्यापेक्षा सोपा नियम असा की, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्येही ठेवावी आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांच्या पुढे व मागे लाकडाची पाचर घट्ट बसवावी. पाचर पायाने ठोकून बसवावी, नुसती टेकवून ठेवू नये. बाभळीच्या वा सागाच्या ओंडक्यातून सुतार अशा चार पाचरी अर्ध्या तासात काढून देतो. या सबंध उद्योगातील सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि सर्वांत अधिक वेळा विसरली जाते तीही हीच.

आता जॅककडे वळू. घरगुती मोटारवाल्यांच्या पाहण्यात तीन प्रकार येतात. गाडीबरोबर डिकीत येतो तो कैचीचा जॅक. त्याचा आटा फिरवला म्हणजे कैची उभी होते. तो रस्त्यात स्टेपनी चढवण्यापुरताच असतो आणि ज्या गाडीबरोबर आला त्याच गाडीसाठी बनवलेला असतो. (स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला करून टाकला आहे की, तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाके विकण्याचा धंदा निघाला होता, हे सांगितले तर लोक विश्वास ठेवीत नाहीत.) दुसरा बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक. ट्रक आणि ट्रॅक्टर यांना तो उत्तम. परंतु बैठक लहान आणि स्वतःची उंची अधिक, त्यामुळे छोट्या मोटारीखाली तो जातही नाही आणि गेला तर डुगडुगतो. तिसरा, चार चाकांचा, लांब दांड्याचा, मगरीसारखा जमिनीशी चिकटून चालणारा ट्रॉली जॅक. घरच्या फरशीवर काम करायचे तर हाच घ्यावा, यात आम्हांला शंका नाही.

बाटलीचा आणि ट्रॉलीचा, दोघांच्या पोटातली करामत एकच आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात दाखवले आणि १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्या तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. जॅकमध्ये एक लहान दट्ट्या आपण दांड्याने खालीवर करतो आणि एक मोठा दट्ट्या भार उचलतो. मोठ्याचा व्यास लहानाच्या तिप्पट असेल तर त्याचे क्षेत्रफळ ९ पट आणि जोरही ९ पट. त्यात दांड्याच्या तरफेची भर पडते. म्हणून शाळकरी मुलगाही एका हाताने मोटार उचलू शकतो. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: दांडा पुष्कळदा हलवावा तेव्हा गाडी बोटभर वर येते.

मुलाने एका हाताने मोटार उचललेली पाहून जो विश्वास वाटतो, तोच घातक आहे. उचललेली गाडी शेवटी उभी असते ती तेलाच्या एका लहानशा स्तंभावर. ते तेल अडवून धरणारे कोण, तर दट्ट्याभोवतीची रबरी कडी आणि झडपेतली एक बारीक पोलादी गोळी. रबर वयाने कडक होते. गोळीच्या बैठकीत धुळीचा एक कण अडकला तरी तेल मागे झिरपू लागते आणि गाडी केसाकेसाने खाली येते. कडी फाटली तर केसाकेसानेही येत नाही. पाहणाऱ्याला बाहेरून काहीच दिसत नाही. जॅक हे उचलण्याचे यंत्र आहे, पेलून धरण्याचे नाही. उचलून झाल्यावर भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर द्यावयाचा असतो आणि तो 'दुसरा' म्हणजे लोखंडी स्टँड. गॅरेजातले लोक त्याला घोडी म्हणतात. आम्हांला हा शब्द अधिक आवडतो.

घोडीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बाजारात जॅकची वाखाणणी पुष्कळ होते आणि घोडी कोपऱ्यात पडून असते. ती नेहमी जोडीने घ्यावी. दोन तऱ्हा मिळतात. एकीत दात्यांची सळई असते आणि खिट्टी दात्यात अडकते. दुसरीत सळईला आरपार भोके असतात आणि त्यांतून जाड पोलादी खीळ घालावयाची असते. दात्यांची वापरायला झटपट, खिळेची जरा कटकटीची. आम्ही खिळेचीच घ्या असे सांगू. खीळ आरपार गेली आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. खिट्टी दात्यात पूर्ण बसली की अर्धी, हे दिसतेच असे नाही. ही आमची नुसती भीती नव्हे. २०२० साली अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याला दात्यांच्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण भार असताना खिट्टी सुटून त्या एकाएकी खाली बसत. त्यांच्या बदल्यात दिलेल्यांपैकी काहींच्या जोडकामात दोष निघाला आणि त्याच वर्षी त्याही परत बोलवाव्या लागल्या. म्हणून दात्यांची असेल तर खिट्टी हाताने दाबून खात्री करावी, आणि कोणतीही असली तरी पायांच्या सांध्यांवरील वेल्डिंग उजेडात धरून पाहावे. पेटीवर लिहिलेला भार एका घोडीचा आहे की जोडीचा, हेही विचारावे. कित्येकदा तो जोडीचा असतो.

विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे, एकावर एक रचलेल्या फळ्या यांना घोडीच्या जागी कधीही ठेवू नये. वीट दाब सहन करते असे आपण घरे बांधताना पाहतो, पण तेथे भार सर्व विटेवर पसरलेला असतो. मोटारीच्या पत्र्याची कड एका रेषेत टेकते आणि वीट कसलीही सूचना न देता फुटते.

जॅकची निवड दोन आकड्यांवर करावी: भार आणि उंची. आपल्या गाडीचे वजन नोंदणीच्या कार्डावर किलोमध्ये छापलेले असते; ते रिकाम्या गाडीचे असते हे ध्यानात ठेवावे. लहान मोटार ८०० ते १,००० किलोच्या आसपास, मोठी सात आसनांची १,७०० किलो वा त्याहून अधिक. आपण सबंध गाडी कधीच उचलीत नाही, एक कोपरा किंवा फार तर एक टोक उचलतो. तेव्हा १,००० किलोच्या गाडीचे पुढचे टोक, इंजिन तिकडे असल्यामुळे, सुमारे ६०० किलो भरेल. मग २ टनांचा जॅक कशासाठी, असे चिरंजीव विचारतील. उत्तर असे की, यंत्राला त्याच्या शक्तीच्या कडेवर राबवू नये, आणि छापलेला आकडा नव्या, निर्दोष जॅकचा असतो. लहान मोटारीला २ टनांचा, मोठीला ३ टनांचा, एवढे पुरे. ३ टनांचा पोलादी जॅक स्वतःच ३० किलोच्या घरात असू शकतो. तो घरातल्या कोणाला उचलून कोठीत ठेवता येणार आहे, याचाही विचार व्हावा. फार हलका, खेळण्यासारखा जॅक मात्र घेऊ नये. त्याची बैठक आखूड असते आणि दांडाही आखूड. मग दांडा हलवताना माणसाला गाडीला अगदी चिकटून बसावे लागते.

उंचीचा आकडा लोक पाहतच नाहीत. जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची किती आणि पूर्ण वर नेल्यावर किती, हे दोन्ही पेटीवर असते. २ टनांच्या सामान्य जॅकची खालची उंची १३-१४ सेंटिमीटर असते. गाडीचे टेकू देण्याचे ठिकाण जमिनीपासून किती वर आहे हे घरून निघण्यापूर्वी पट्टीने मोजावे, आणि शक्य तर चाकातली हवा गेलेली असताना मोजावे. कारण जॅकची गरज त्याच वेळी पडते आणि त्याच वेळी गाडी बसलेली असते. वरच्या उंचीतही फसगत होते. गाडी उचलू लागलो की, चाक लगेच जमीन सोडत नाही. स्प्रिंग लांबते, चाक खाली लोंबत राहते आणि पत्रा चांगला वीतभर वर गेला तरी टायर फरशीला चिकटलेलेच असते. उंच गाड्यांत हे फार होते. अशा गाडीला ३५ सेंटिमीटरवर थांबणारा जॅक अपुरा पडतो. ४५ ते ५० सेंटिमीटरपर्यंत जाणारा पाहावा. जॅक पुरत नाही म्हणून त्याच्या डोक्यावर लाकडाचे ठोकळे रचणारे आम्ही पाहिले आहेत; त्यांना त्या वेळी बोलण्यात अर्थ नसतो, दूर उभे राहावे.

सियागंजातील दुकान असो वा घरपोच मागवलेली पेटी असो, पहिल्या दिवशी एक परीक्षा अवश्य घ्यावी. सपाट जागी, पाचरी लावून, गाडीचा एक कोपरा थोडासा उचलावा, पत्र्याची उंची पट्टीने मोजून फरशीवर खडूने लिहून ठेवावी आणि एक कप चहा पिऊन यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. उंची कमी झाली असेल तर जॅक परत करावा. तोपर्यंत गाडीखाली कोणीही हात घालू नये, हे वेगळे सांगावयास नको, तरी सांगतो.

जागा कोणती असावी? आपण माळव्यात राहतो. येथील काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर लोण्यासारखी. वर फरशी असली तरी खालची माती फुगते व बसते, म्हणून जुन्या वाड्यांच्या अंगणातील शहाबादी फरश्या हलत असतात. अशा हलत्या फरशीवर जॅक लावू नये. मे महिन्यात डांबरी रस्ता मऊ होतो आणि घोडीचे पाय त्यात रुततात. सिमेंटचा कोबा सर्वांत चांगला. नव्या घरांतील चकचकीत टाइल घोडीच्या पायाखाली तडकते. तेथे प्रत्येक घोडीखाली १८ मिलिमीटरचा प्लायवुडचा रुंद तुकडा घालावा. उतार मात्र कोणताही चालत नाही, रामबागेतला किंचितही नाही.

जॅकखाली गोणपाट किंवा सतरंजी घालण्याची आपल्याकडे सवय आहे, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. ती सोडून द्यावी, आणि त्याचे कारण असे. कोपर टेबलावर टेकवून हात आडवा ठेवा आणि पंजा हळूहळू वर न्या. पंजा नुसता वर जात नाही, तो कोपराकडेही सरकतो. ट्रॉली जॅकची भुजा अशीच आहे. डोके वर जाता जाता मागे येते. म्हणून जॅक आपल्या चाकांवर तेवढाच पुढे, गाडीखाली, सरकला पाहिजे. या जॅकला चाके केवळ ने-आण करण्यासाठी दिलेली नाहीत. ती गोणपाटात अडकली, फरशीच्या खाचेत बसली, एखादा खडा आडवा आला, की जॅक सरकत नाही. मग दोनच गोष्टी शक्य उरतात: गाडी सरकेल किंवा जॅकचे डोके जागेवरून घसरेल. जॅक लावण्यापूर्वी जमीन झाडून घ्यावी, हे काम क्षुल्लक वाटले तरी त्याचे मोल मोठे आहे. दांडा चालवताना नजर दांड्यावर ठेवू नये, जॅकच्या डोक्यावर ठेवावी.

टेकू कोठे द्यावा, हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. दरवाजांखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन खाचा किंवा खुणा असतात. तेथील पत्रा दुहेरी व बळकट केलेला असतो. जॅकच्या डोक्यावर मधोमध खाच असलेली रबरी गादी ठेवली म्हणजे ती पत्र्याची कड दुमडत नाही. येथे एक अडचण येते: खुणेच्या जागी जॅक लावला तर घोडी कोठे लावायची? ज्या गाड्यांना पुढे मजबूत आडवी पट्टी दिलेली असते आणि पुस्तिका तशी परवानगी देते, तेथे मध्यभागी जॅक लावून दोन्ही बाजूंच्या खुणांखाली घोड्या देता येतात. पुस्तिका गप्प असेल तर अंदाज बांधू नये. ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी एकदा उचलून घेऊन जागा पाहून घ्याव्यात. इंजिनाच्या तेलाचा चेंबर, रेडिएटरखालचा पत्रा, सायलेन्सर, पायांखालचा तळपत्रा यांना टेकू कदापि देऊ नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींची बॅटरी बहुधा तळालाच सबंध पसरलेली असते. तेथे खुणेपासून चार बोटे चुकले तरी जॅकचे डोके बॅटरीच्या पेटीवर टेकते. त्यामुळे होणारा खर्च ही त्यातली लहान बाब, बॅटरीला इजा झाली तर पुढे आग लागण्याचे भय असते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम फारसा अवघड नाही. चाक काढायचे असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. हवेत उचललेल्या गाडीवर पान्याला लोंबकळणे म्हणजे ती स्वतःहून ढकलण्यासारखे आहे. मग उचलावी, घोड्या द्याव्यात, जॅक हळूहळू सोडून भार घोड्यांवर उतरवावा. तो पूर्ण दूर न करता, किंचित टेकलेला राहील असा ठेवावा. त्यानंतर उभे राहून, गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी चांगले हलवावे. हलायची असेल तर ती आताच हलू दे. आणि काढलेले चाक आडवे करून पत्र्याखाली सरकवावे. घोड्या असताना हे कशाला, असे कोणी विचारील. आम्ही त्यावर वाद घालीत नाही. आम्ही चाक सरकवतो.

गाडी खाली घेताना दांडा डावीकडे फिरवावयाचा असतो, आणि तो किती फिरवावा याचा सराव नव्या माणसाला नसतो. झडप एकदम उघडली तर गाडी धाडकन येते. केसभर फिरवून थांबावे, गाडी उतरू लागली की तेवढेच ठेवावे. खाली कोणाचे पाय, पाना, मांजर नाही ना, हे आधी वाकून पाहावे. चाकाचे नट शेवटी जमिनीवर, समोरासमोरचे एकामागून एक असे आवळावेत.

जॅकची निगा फार नाही. दट्ट्या पूर्ण आत जाईल असा, म्हणजे भुजा खाली बसवून, ठेवावा. बाहेर राहिलेल्या दट्ट्यावर पावसाळ्यात गंज चढतो आणि तो गंज रबरी कडी खातो. चाकांच्या आसांना वर्षातून एकदा ग्रीस द्यावे. दांडा हलवताना स्पंजासारखा मऊ वाटू लागला तर तेलात हवा शिरली आहे असे समजावे; भार नसताना झडप उघडून दहा-बारा वेळा दांडा मारला म्हणजे बहुधा ती निघून जाते. तेल कमी झाले तर जॅकचेच हायड्रॉलिक तेल घालावे. घरात ब्रेक ऑइलची बाटली असते आणि तेही 'ऑइल'च, म्हणून ते ओतण्याचा मोह होतो. ते मुळात खनिज तेल नव्हे. जॅकमधील रबर त्याने फुगते आणि नासते, आणि ते नासल्याचे नेमके भार असताना कळते.

आणखी एक सूचना, आणि ती चिरंजिवांना कदाचित आवडणार नाही. घरात दुसरे जाणते माणूस असल्यावाचून गाडीखाली जाऊ नये. त्या माणसाने शेजारी बसून राहिले पाहिजे असे नाही. पण गाडीखाली कोणी आहे, हे त्याला माहीत असावे आणि जॅकचा दांडा कसा चालवतात हे त्याला एकदा करून दाखवलेले असावे. त्या रविवारी रामबागेत गाडी पुन्हा कशी उचलायची, हे आम्हां दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. शेजारच्या घरातून चार माणसे धावून आली म्हणून निभावले.

तेव्हा भगिनींना आमचे सांगणे असे की, चिरंजिवांना यादी करून द्यावी: चार पाचरी, खिळेच्या घोड्यांची जोडी, खाचेची रबरी गादी आणि गाडीच्या वजनाला व उंचीला साजेसा ट्रॉली जॅक. सर्व मिळून काही हजारांचे काम आहे. एका महिन्यात बसत नसेल तर पाचरी आणि घोड्या आधी आणाव्यात, जॅक पुढच्या महिन्यात. वडिलांचा नकार जॅकला नसून गाडीखाली जाण्याला असावा, असा आमचा तर्क आहे. पहिल्या खेपेला दांडा त्यांच्याच हाती द्यावा.

पुढील अंकी, अनेक वाचकांच्या आग्रहावरून, गच्चीवरील पाण्याच्या टाकीविषयी.